सेमिनरीच्या ग्रंथालयांनी ‘एकमेकांशी जोडून घ्यायचं’ म्हणजे नक्की काय करायचं?

दाखलखारीज:

नमस्कार मंडळी. आधी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. गेल्या पावसाळ्यापासून नगर जिल्ह्यात एका कॅथलिक धर्मसंघाच्या प्रशिक्षणगृहाचं, म्हणजे सेमिनरीचं, ग्रंथालय सांभाळते आहे. मी ख्रिस्ती नाही. मुलाखतीत तसं स्पष्ट सांगितलं, तर फादर रेक्टर म्हणाले, “पुस्तकांचा तरी कुठे बाप्तिस्मा झालाय?” आणि नेमणूक झाली.

पुस्तकं अंदाजे बारा हजार. निम्मी इंग्रजी, मग लॅटिन, बरीच जर्मन, आणि मराठीची दोन कपाटं. ॲक्सेशन रजिस्टरं (आलेल्या पुस्तकांच्या नोंदवह्या) तीन पिढ्यांच्या हस्ताक्षरांत आहेत, त्यातलं सगळ्यात जुनं मला अजून धड लागत नाही. वर्गीकरण ड्युईच्या दशांश पद्धतीचं, पण आधीच्या कुणीतरी येशूचं नाव दिसलं की २८२ हा विषय-क्रमांक टाकून मोकळं व्हायचं असं धोरण ठेवलेलं दिसतं. एका अख्ख्या भिंतीवर २८२.

आता मुद्दा. रेक्टर मध्यंतरी कुठल्याशा बैठकीला गेले होते. ‘धर्मशास्त्राच्या ग्रंथालयांनी सहकार्य वाढवावं’ असं तिथे सर्वानुमते ठरलं. परत आल्यावर ते काम माझ्या टेबलावर आलं: पुणे, मुंबई, गोवा इथल्या ग्रंथालयांशी जोडून घ्या. कसं, ते बैठकीत ठरलं नव्हतं.

मी उत्साहाने एका मोठ्या ग्रंथालयाला ईमेल केला की तुमची तालिका (कॅटलॉग) पाहायला मिळेल का. उत्तर आलं, तुमच्या वरिष्ठांकरवी आमच्या वरिष्ठांना पत्र पाठवा. पाठवलं. त्यानंतर शांतता.

सगळ्यांनी मिळून कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यावं का? परदेशी संघटनेचं सभासदत्व घ्यावं का? आमची पुस्तकखरेदीची रक्कम एवढीच, की त्यात एखाद्या परदेशी नियतकालिकाची वर्गणी कशीबशी बसते. या क्षेत्रात कोणी काम केलं असेल तर कृपया सांगा. आणि ‘चांगला उपक्रम, शुभेच्छा’ एवढंच लिहायचं असेल तर त्याही घेते.

वाळवीप्रतिबंधक:

ताई, माझी सगळी नोकरी पुण्यात धर्मशास्त्राच्या पुस्तकांत गेली. निवृत्त झालो तरी दुसऱ्याचं कपाट दिसलं की हात शिवशिवतात, म्हणून जरा लांबण लावतो.

कोहापासून सुरुवात करू नका. कोहा उत्तम आहे, फुकट आहे, पुढेमागे घ्यालच. पण मी बसलो त्या प्रत्येक सहकार्याच्या बैठकीत पहिले दोन तास सॉफ्टवेअरवर गेले, मग जेवण झालं आणि मग मुंबईकरांची गाडी सुटायची वेळ झाली. कोणाकडे काय आहे हे माहीत नसताना ते कुठल्या सर्व्हरवर ठेवायचं यावर माणसं तावातावाने भांडतात.

नियतकालिकांपासून सुरुवात करा. पुस्तकं सगळ्यांकडे साधारण तीच असतात. डेन्झिंगर, म्हणजे चर्चच्या सिद्धान्तवचनांचा संग्रह, कुठल्याही सेमिनरीत जा, दोन-तीन प्रती धूळ खात असतात. नियतकालिकांचे संच मात्र प्रत्येकाकडे वेगळ्या ठिकाणी तुटलेले असतात. तुमच्याकडचं नेमकं गहाळ वर्ष मुंबईत निघतं. म्हणून साधी यादी करा: नाव, कधीपासून कधीपर्यंत, मधले कुठले अंक नाहीत. आणि नाव बदललेलं असेल तर ते लिहाच. ‘क्लर्जी मंथली’ १९७५ मध्ये ‘विद्याज्योती’ झालं. ज्यांनी ही नोंद केली नाही, त्यांच्याकडे एक नियतकालिक अचानक बंद पडलेलं आणि दुसरं मधूनच उगवलेलं दिसतं. दोन तुटके संच म्हणून ते रद्दीत निघालेले मी पाहिलेत.

यादी झाली की खरा प्रश्न येतो, आणि तिथेच सगळी सहकार्यं बसतात: कोणी काय ठेवायचं? कोट्टायमची ‘जीवधारा’ १९७१ मध्ये सुरू झाली. ती आसपासच्या चार घरांत अर्धवट असण्यापेक्षा एकाकडे अखंड असावी, हे सगळ्यांना पटतं. पण आपल्याकडचे अंक उचलून त्या एकाला द्यायचे म्हटलं की प्रत्येकाला आपल्या संस्थापकांची आठवण येते. घ्यायला सगळे तयार, द्यायला कोणी नाही. माझं मत स्पष्ट आहे. एकाने जपायचं आणि बाकीच्यांनी निर्धास्तपणे टाकायचं, इथवर आलात तरच सहकार्य झालं. नाहीतर नुसतं चहापान.

दुसरं, जे झालेलं आहे ते पुन्हा करू नका. इंग्रजी, जर्मन लेखांची सूची करत बसू नका. जर्मनीत ट्यूबिंगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाची ‘इंडेक्स थिऑलॉजिकस’ ही सूची इंटरनेटवर फुकट आहे. बायबलमधला अध्याय आणि ओवी टाकून लेख शोधता येतात. तुमचे ब्रदर लोक (प्रशिक्षणार्थी) प्रबंधिका लिहितात तेव्हा त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. जेरुसलेमच्या एकोल बिब्लिकची तालिकाही तशीच, तिच्यात पुस्तकांबरोबर लेखही नोंदलेले असतात. अमेरिकेत कॅथलिक लायब्ररी असोसिएशन १९२१ ची. कॅथलिक नियतकालिकांची त्यांची सूची आता ‘ॲटला’ ही शिकागोची ग्रंथालय-संघटना चालवते. ही ॲटला १९४६ ची, मुळात प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांची. सूची चांगली आहे, पण पैसे पडतात. तुमच्या रकमेत तो विचारही नको.

मग तुमच्या वाट्याला काय उरतं? ती दोन मराठी कपाटं. ट्यूबिंगनला किंवा शिकागोला ‘निरोप्या’ या मराठी मासिकाची सूची कोणी करणार नाही. हेन्री डोरिंग या जर्मन जेज्विट (येशूसंघ या धर्मसंघाच्या) फादरांनी १९०३ मध्ये तो सुरू केला, पुढे ते पुण्याचे बिशप झाले. शंभराहून जास्त वर्षांचं मराठी कॅथलिक जगणं त्यात आहे: दुष्काळ, शाळा, कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे) मास्तर, गावोगावच्या यात्रा. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचं तसंच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पत्रकारांची त्यांच्या जुन्या लेखनासाठी धावाधाव झाली. त्यांनी वर्षानुवर्षं संपादन केलेल्या मासिकाची सूची हाताशी असती तर ती धावाधाव वाचली असती.

२८२ बद्दल. ते कॅथलिक चर्च या संस्थेचं आणि तिच्या इतिहासाचं घर आहे. बायबल २२० मध्ये, सिद्धान्त २३० मध्ये, धर्मसंघ २५५, कॅनन लॉ (चर्चचा कायदा) २६२.९, उपासनाविधी २६४. एवढं वेगळं केलंत तरी भिंत हलकी होईल. जुन्या पुस्तकांच्या पाठीवर बीक्यूटी, बीक्यूव्ही अशी अक्षरं दिसली तर खोडू नका. ती जॅनेट लिन यांनी १९३७ मध्ये खास कॅथलिक पुस्तकांसाठी केलेल्या पद्धतीची आहेत, आणि ते पुस्तक आधी कुठल्या घरातून आलं याचा धागा त्यातून सापडतो.

आणि रेक्टरांसाठी एक कागद. १९ मार्च १९९४ ला चर्चच्या सांस्कृतिक वारशासाठीच्या व्हॅटिकनच्या आयोगाने चर्चच्या ग्रंथालयांविषयी बिशपांना पत्र लिहिलं होतं. ते छापून त्यांच्या टेबलावर ठेवा. आपण म्हटलं तर ‘पाहू’, रोमने म्हटलं तर ‘पाहायला हवं’.

मूळपुरुष:

धागा छान आहे. माझे पणजोबा १८९०च्या सुमारास राहुरीकडे ख्रिस्ती झाले असं घरात सांगतात. त्यांची नोंद अशा ग्रंथालयात मिळेल का?

वाळवीप्रतिबंधक:

@मूळपुरुष, नाही. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांची रजिस्टरं धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात असतात. कॅनन ५३५ प्रमाणे ती ठेवणं आणि जपणं धर्मग्रामाचं काम. तिथल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटा. आणि त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचंही मोठं काम होतं, तेव्हा पणजोबा कॅथलिक झाले की प्रॉटेस्टंट हे आधी घरात विचारून घ्या. नाहीतर चुकीच्या देवळाची पायरी चढाल.

लुवेनचा_वसईकर:

मी वसई धर्मप्रांताचा धर्मगुरू, सध्या बेल्जियममध्ये लुवेनला डॉक्टरेट करतोय. वाळवीकाकांचं बाकी सगळं मान्य, पण ‘निर्धास्तपणे टाकायचं’ हे मी इथे बसून वाचलं आणि खुर्चीतून उठलो.

इथलं विद्यापीठाचं ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळलं. ते पुन्हा उभं राहिलं ते जगभरच्या ग्रंथालयांनी पुस्तकं पाठवली म्हणून. एकट्या मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाने त्यासाठी मोठी मोहीम चालवली. मे १९४० मध्ये ते पुन्हा जळलं. इतर ग्रंथालयांनी ‘लुवेनकडे आहेच की’ म्हणून आपापल्या प्रती टाकल्या असत्या, तर कशातून भरून काढणार होते?

पुढची गोष्ट तुम्हाला आवडेल. १९६८ मध्ये भाषेच्या वादातून हे कॅथलिक विद्यापीठ फुटलं. फ्लेमिश भाषकांचं लुवेनमध्ये राहिलं, फ्रेंच भाषकांचं लुवँ-ला-नव नावाचं नवंकोरं गाव वसवून तिकडे गेलं. ग्रंथालयाची वाटणी कशी करायची? कपाट-क्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर पुस्तक इथे, सम असेल तर तिकडे. पुण्यातल्या पी-वन, पी-टू पार्किंगसारखं. जगभर सांगितला जाणारा हा वेडेपणा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कोणी थट्टा करतंय असं वाटलं.

पण त्याच काळात धर्मशास्त्राच्या लोकांनी उलटं केलं. १९७४ मध्ये इथल्या विद्याशाखेचं नवं ग्रंथालय उघडलं, तेव्हा हेवर्लेच्या जेज्विटांनी आणि मेखेलेनच्या सेमिनरीने आपापले संग्रह त्यात आणून ठेवले. आज ते माउरिट्स साब्बे ग्रंथालय म्हणून ओळखलं जातं. साब्बे त्याचे पहिले ग्रंथपाल. मी रोज जी लॅटिन पुस्तकं काढतो त्यांवर जेज्विटांचा शिक्का अजून आहे, कोणी पुसलेला नाही. माझ्या मते देणाऱ्याचं मन वळवायचा तोच एक उपाय: शिक्का तुमचाच राहील.

आणि ज्या दोन विद्यापीठांनी पुस्तकं सम-विषम वाटून घेतली, ती ‘इंडेक्स रेलिजिओझुस’ ही धर्मशास्त्राची संदर्भसूची एकत्र काढतात. इथल्या नियतकालिकाची १९२४ पासूनची सूची आणि तिकडच्या चर्च-इतिहासाच्या नियतकालिकाची सूची, दोन्ही त्यात मिसळल्या. म्हणजे सूची एकत्र करायला पुस्तकं हलवावी लागत नाहीत. ताई, नेमकं हेच तुमच्या हातातलं आहे.

वाळवीप्रतिबंधक:

फादर, आग लागेल हे मी धरलंच नव्हतं. तरी सगळ्यांनी सगळं ठेवावं हे काही मी मान्य करणार नाही, आमच्याकडे आग नाही पण जागा नाही. तडजोड अशी: कुठल्याही नियतकालिकाचे दोन पूर्ण संच, दोन वेगळ्या जिल्ह्यांत. तिसऱ्याने खुशाल जागा मोकळी करावी. मराठी असेल तर तिसऱ्यानेही ठेवावं, कारण मराठीचे दोन पूर्ण संच आहेत असं मला कोणी अजून दाखवलेलं नाही.

सासष्टी:

गोव्यातून लिहितोय. दोन संच म्हणणाऱ्यांनी एकदा आमचा जुलै बघावा. कपाट उघडलं की बुरशीचा वास आधी येतो, पुस्तक नंतर दिसतं.

आणि ‘प्रती आहेत की भरपूर’ यावर आमचं उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेज्विट, १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं, मग १६४९, मग १६५४. तीन आवृत्त्या. या तिन्हींतली एकही प्रत आज कुठे आहे असं माहीत नाही. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी छापलं ते हस्तलिखितांवरून. देवनागरीतलं हस्तलिखित आहे लंडनमध्ये, मार्सडेन संग्रहात. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ, छापील तीनदा, आणि उरला तो लोकांनी हाताने नकला केल्या म्हणून.

दुसरा मुद्दा कोणीच काढला नाही. जेज्विटांना पोर्तुगीज मुलखातून १७५९ मध्ये हाकललं. उरलेले धर्मसंघ १८३५ मध्ये गोव्यात बंद झाले. मठांतली पुस्तकं विखुरली, काही सरकारजमा झाली. त्यामुळे इथे कॅथलिक ग्रंथालयांनी फक्त कॅथलिक ग्रंथालयांशी सहकार्य केलं तर अर्धा माल बाहेरच राहतो. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि गोव्याचं पुराभिलेखागार यादीत हवंच. तुमच्याकडेही पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी प्रॉटेस्टंट म्हणून सोडू नका. १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आणि ना. वा. टिळक सोडून मराठी ख्रिस्ती साहित्याची सूची काय करणार?

एक सूचना: नावं आधी ठरवून घ्या. स्टीफन्स, स्टीव्हन्स, इस्तेव्हांव, एश्तेवाँ अशी एकाच माणसाची चार घरं चार ग्रंथालयांत मी पाहिली आहेत. जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांची नावांची एकत्रित फाइल आहे, व्हायाफ. तिच्यात जो क्रमांक असेल तो नोंदीत टाकायचा. मग नाव कसंही लिहा, माणूस एकच राहतो.

दाखलखारीज:

बापरे, एवढं सगळं! सर्वांचे आभार. फादर, तुमचा विषम-सम किस्सा रेक्टरांना सांगितला. ते इतके हसले की त्याच भरात नियतकालिकांच्या यादीला होकार मिळवला. व्हॅटिकनचं पत्र अजून राखून ठेवलंय.

रविवारी मिस्सा चालू असताना मी मराठी कपाटं उघडली (मला तेवढीच शांतता मिळते). ‘निरोप्या’चे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले बांधीव खंड आहेत, मध्ये मोठी भोकं. सुटे अंक सुतळीने बांधून वर टाकलेले. जुन्या एका फादरांनी त्यातल्या लेखांची यादी संगणकावर केलेली सापडली, पण ती श्री-लिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

प्रश्न दोन. ती यादी वाचवता येईल का? आणि हे खंड स्कॅन करून सगळ्यांना वाटायला कायद्याची हरकत आहे का?

वाळवीप्रतिबंधक:

यादी वाचते. श्री-लिपीचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, ती डोळ्यांनी तपासावी लागतील. एखाद्या ब्रदरला शुद्धलेखनाची गोडी असेल तर त्याला गाठा. आणि त्या फादरांचं नाव सूचीवर ठेवा.

स्कॅनिंगचं जपून. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशी सोय आहे, की विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्याकडे छापील प्रत असलेलं साहित्य जतनासाठी डिजिटल करून ठेवावं. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयापुरत्या तीन प्रती काढायलाही मुभा आहे. पण सेमिनरीचं ग्रंथालय ‘सार्वजनिक’ ठरतं का, हे वकिलाला विचारा. मी ठरवणार नाही. वाटप तर वेगळीच गोष्ट. नाव असलेल्या लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, निनावी लेखाचा छापल्यापासून ६० वर्षं. म्हणजे १९३० मधला निनावी लेख मोकळा. त्याच अंकातली कविता मात्र कवी १९८० मध्ये वारला असेल तर अडकलेली. सोपा मार्ग असा, की ‘निरोप्या’ अजून जेज्विटांकडेच आहे, त्यांची लेखी परवानगी मागा. निदान मासिकाच्या बाजूने तरी मोकळं होईल, उरलेल्या लेखकांचं लेखानुसार बघा. सूचीला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही. ती आजच सुरू करा.

आणि त्या उत्तर न देणाऱ्या ग्रंथालयाचं. वरिष्ठांचं पत्र ही धर्मसंघांतली खरीच रीत आहे, त्यात अपमान मानू नका. पण पत्र सगळ्यात शेवटी. आधी तिथल्या ग्रंथपालाला फोन, मग प्रत्यक्ष भेट. जाताना हात हलवत जाऊ नका, तुमच्याकडच्या दुबार प्रतींची यादी घेऊन जा. जर्मन पुस्तकांत त्यांना हवं ते काहीतरी निघेलच. पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) अजिबात जाऊ नका. मे महिन्यात जा, ब्रदर लोक सुटीवर असतात आणि ग्रंथपाल बोलायला मोकळा असतो.

लुवेनचा_वसईकर:

मी जूनमध्ये घरी येतोय. ‘सुवार्ता’चे जुने अंक आमच्या धर्मग्रामात कोणाकोणाच्या माळ्यावर आहेत ते विचारून ठेवतो. ताई, तुमच्या यादीचा नमुना इथे टाकलात तर त्याच रकान्यांत भरून आणेन.

दाखलखारीज:

हा घ्या फादर: नाव, आधीचं नाव, प्रकाशनाचं गाव, पहिला अंक, शेवटचा अंक, गहाळ अंक, बांधीव की सुटे, कपाट. अजून काही हवं?

सासष्टी:

‘स्थिती’ हा रकाना घाला. कसर लागलेला अंक स्कॅनरखाली आधी जायला हवा, पुढच्या पावसाळ्याआधी. आणि ‘कपाट’ काढून ‘कोणाकडे’ करा, माळ्यांना क्रमांक नसतात.